रहीम साहेब : फुटबॉल शिकवणारे मास्तर

२०२४ च्या ईदुल फित्रच्या दिवसांत 'मैदान' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव कितीतरी वर्षांनी पुन्हा लोकांच्या तोंडी आले. अजय देवगणने रंगवलेले रहीम साहेब पाहून आल्यावर घरातली मुले विचारतात, हे खरेच असे घडले होते का? वडीलधाऱ्यांपैकी फार थोड्यांना याचे उत्तर देता येते. क्रिकेटपटूंची नावे आपल्या घरांत तोंडपाठ असतात, पण हिंदुस्थानला आशियाई फुटबॉलचे सुवर्णपदक दोनदा मिळवून देणाऱ्या मास्तरांचे नाव आपण विसरून गेलो होतो.

चित्रपटाला गोष्ट रंगवावी लागते, काही घटना मागेपुढे कराव्या लागतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण रहीम साहेबांचे खरे काम पडद्यावर मावण्यासारखे नव्हते, कारण ते रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षे मैदानात चालत होते. ते काम शिकवण्याचे होते. आमच्या वाचकांसमोर या लेखात आम्ही तोच शिक्षक ठेवत आहोत.

शाळेतले मास्तर

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादला झाला. तेव्हा तिथे निजामाची राजवट होती आणि आपला औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणीचा सगळा मुलूख त्याच राज्यात होता. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून मिळत असे. रहीम साहेब तिथूनच बी. ए. झाले आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले.

पुढे त्यांनी पोटापाण्यासाठी शिक्षकी पेशा धरला. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी मुलांना शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यावर शाळेतल्या खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. तेही काम त्यांनी मरेपर्यंत केले.

फुटबॉलच्या मैदानावरही ते मास्तरच राहिले, हे त्यांच्या कामाकडे पाहिले की कळते. चांगला शिक्षक हुशार मुलाला पुढे काढतोच, पण वर्गातल्या कच्च्या मुलाचे काय करायचे याचाही विचार करतो. रहीम साहेबांनी खेळाडूच्या कच्च्या पायाचा विचार केला.

कच्च्या पायाची स्पर्धा

आपल्यापैकी बहुतेकांचा उजवा पाय पक्का असतो आणि डावा कच्चा. चेंडू डाव्या बाजूला आला की खेळाडू तो उजव्या पायावर घेण्यासाठी अंग वळवतो. तेवढ्यात समोरचा बचावपटू अंगावर येतो. शिवाय हा कोणत्या बाजूला वळणार हे त्या बचावपटूला आधीच ठाऊक असते. म्हणजे एका पायाने खेळणारा कितीही चपळ असला तरी अर्धाच खेळाडू ठरतो.

रहीम साहेबांनी यावर केलेला उपाय एखाद्या शाळामास्तरालाच सुचावा असा होता. त्यांनी फक्त कच्च्या पायाने खेळायच्या स्पर्धा भरवल्या. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्याने खेळायचे, डावखुऱ्याने उजव्याने. सुरुवातीला सगळ्यांचीच फजिती होणार, पण ती सगळ्यांची सारखीच, त्यामुळे कोणाला लाज वाटण्याचे कारण नाही. खेळता खेळता कच्चा पाय तयार होतो.

दुसरी स्पर्धा ड्रिब्लिंगशिवाय खेळायची. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायात घोळवत दोघातिघांना चकवणाऱ्याला मोठा खेळाडू समजत. प्रेक्षक टाळ्या वाजवत, पण पुष्कळदा चेंडू शेवटी प्रतिस्पर्ध्याच्याच पायात जाई. ड्रिब्लिंगलाच बंदी केल्यावर खेळाडूला मान वर करून सोबती कुठे आहेत ते पाहावेच लागते. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा आणि स्वतः मोकळ्या जागेत धावायचे, ही सवय अंगी बाणते. जो एकट्याने चमकायला पाहतो, तोही दहा जणांबरोबर खेळायला शिकतो.

या दोन्ही गोष्टींना पैसा लागत नव्हता. परदेशी यंत्रे नकोत, मोठे स्टेडियम नको. लागत होता तो फक्त मुलांकडे नीट पाहणारा माणूस.

मुंबईतला पाच वर्षांचा विक्रम

या तालमीचे फळ महाराष्ट्रातल्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. मुंबईची रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची जुनी आणि मानाची स्पर्धा. कितीतरी वर्षे ती गोऱ्या पलटणींच्याच हाती होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा प्रथमच हा कप हिंदी संघाकडे आला. पुढे १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी रोव्हर्स कप जिंकला. दिल्लीच्या ड्युरँड कपवरही याच संघाने १९५० आणि १९५४ मध्ये नाव कोरले. हैदराबादच्या पोलिसांचा खेळ ही तेव्हा मुंबईकरांची दरवर्षीची मेजवानी होती.

त्या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, एस. ए. लतीफ यांच्यासारखे खेळाडू होते. ही मुले हैदराबादच्या गल्लीबोळांतून आली होती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा तुलसीदास बलराम हा गरीब घरातला मुलगाही रहीम साहेबांच्याच नजरेला पडला. सरावाला शहरात यायला त्याच्याकडे साधन नव्हते. सायकल भाड्याने घेण्यासाठी रहीम साहेब आपल्याला पैसे देत, असे बलराम पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्या मुलाने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि पेरू या दोन्ही संघांविरुद्ध गोल केले. भाड्याच्या सायकलीचे ते थोडे पैसे दिले गेले नसते, तर हिंदुस्थानला बलराम मिळाला असता की नाही, कोण जाणे.

अनवाणी पायांपासून उपांत्य फेरीपर्यंत

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांना पहिले मोठे यश १९५१ मध्ये मिळाले. नवी दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरले होते. अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या गोलने आपण इराणला १-० असे हरवले आणि सुवर्णपदक मिळवले.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. युरोपातल्या गारठ्यात, बूट घातलेल्या धिप्पाड खेळाडूंपुढे त्यांचा निभाव लागला नाही. त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. एवढ्या मोठ्या पराभवानंतर एखादा माणूस खचला असता किंवा दोष दुसऱ्यावर ढकलून मोकळा झाला असता. रहीम साहेब पुन्हा शिकवायला लागले.

चार वर्षांनी, १९५६ मध्ये, मेलबर्नला त्याचे उत्तर मिळाले. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात आपण ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरी गाठणारा आपला देश आशियातला पहिला. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. पहिला गोल आपणच केला, पण सामना ४-१ असा गेला. पदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून हार झाली आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तरी १०-१ पासून इथपर्यंतचा रस्ता केवळ चार वर्षांत कापला होता.

रोममध्ये १९६० साली फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि हंगेरीसारख्या बलाढ्य संघाकडून फक्त २-१ असा पराभव झाला. भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळला तो तेव्हा शेवटचा.

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

१९६२ चे आशियाई खेळ इंडोनेशियात जकार्ताला होते. रहीम साहेबांना तोवर फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. दुखणे अंगावर काढत ते संघाबरोबर गेले.

तिथे परिस्थिती बिकट झाली. यजमान सरकारने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. आशियाई क्रीडा संघटनेचे भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी यावर हरकत घेतली. त्यांच्या भूमिकेमुळे जकार्तातले लोक चिडले आणि तो राग सगळ्या भारतीयांवर निघाला. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. फुटबॉलच्या खेळाडूंचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता, पण शिव्याशाप त्यांच्या वाट्याला आले.

मैदानावरची सुरुवातही वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे नमवून आपण उपांत्य फेरीत आलो. पण थायलंडच्या सामन्यात भरवशाचा बचावपटू जर्नैल सिंग याच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले. बचावपटू चेंडू अडवतो, आणि अडवताना डोके वाचवता येत नाही. रहीम साहेबांनी काय करावे? त्यांनी जर्नैलला बचावातून काढून थेट आघाडीवर, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपांत्य सामना आपण ३-२ असा जिंकला. त्यात एक गोल जर्नैलचा होता.

अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी होता. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी होता. तरी उंचीवरून येणारे कोरियन चेंडू तोच अडवू शकेल असे ठरवून रहीम साहेबांनी त्याला उतरवले. त्या सामन्याआधी त्यांनी मुलांकडे एक तोहफा मागितला होता, सुवर्णपदकाचा. त्यांच्या दुखण्याची खूण ज्यांना पटली होती, त्यांना या मागण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

त्या दिवशी स्टेडियममध्ये सुमारे एक लाख लोक होते आणि जवळपास सगळे आपल्या विरोधात. राष्ट्रगीत चालू असतानाही हुर्यो उडवली जात होती. या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे मोजके लोक होते, त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते. ही आठवण आपल्या खेळाडूंनी पुढे वारंवार सांगितली आहे. दोन देशांत वैर कितीही असो, परक्या मुलुखात एकटे पडलेल्यांसाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या, हेही आपल्या मुलांना कळले पाहिजे.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला टाके घातलेल्या डोक्याच्या जर्नैल सिंगने दुसरा. कोरियाने अखेरच्या मिनिटांत एक गोल परत केला, पण सामना २-१ असा आपल्या बाजूने संपला. कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचे, बलराम आणि युसूफ खान हैदराबादचे, जर्नैल आणि थंगराज वेगवेगळ्या प्रांतांतले. मुंबईत टाटा संघाकडून खेळणारे फोर्तुनातो फ्रँको आणि कॅलटेक्सचे ओ. चंद्रशेखर हेही त्या संघात होते. शीख, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशी ही मुले एका मास्तरांच्या हाताखाली एकत्र खेळली आणि जिंकली. त्यानंतर साठ वर्षे उलटून गेली, आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक आपल्याला पुन्हा मिळालेले नाही.

अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेबांची हैदराबादला वफात झाली. वय फक्त ५३ वर्षे. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

मागे काय राहिले

माणूस गेल्यावर त्याची सगळी कामे थांबतात. चालू राहतात त्या तीनच गोष्टी : सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानांवर पडते. रहीम साहेबांच्या बाबतीत ती आठवल्यावाचून राहत नाही.

त्यांचे ज्ञान पुढे चालत राहिले. पी. के. बॅनर्जी स्वतः नामांकित प्रशिक्षक झाले आणि त्यांनी खेळाडूंची पुढची पिढी घडवली. १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत आपल्याला कांस्यपदक मिळाले. त्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हे हैदराबादच्याच फुटबॉलमधून आले होते. तेही पुढे प्रशिक्षक झाले आणि १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे फुटबॉलचे पहिले प्रशिक्षक ठरले. रहीम साहेबांना मात्र हा पुरस्कार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तो सुरूच झाला १९८५ साली, त्यांच्या वफातीनंतर बावीस वर्षांनी.

त्यांचे चिरंजीव सय्यद शाहीद हकीम रोम ऑलिंपिकच्या संघात होते. हवाई दलात ते स्क्वाड्रन लीडर झाले, फिफाचे आंतरराष्ट्रीय पंच म्हणून त्यांनी काम केले आणि मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाला प्रशिक्षण दिले. २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये गुलबर्ग्यात त्यांचे निधन झाले. वडिलांची आठवण लोकांपुढे जागती ठेवण्यासाठी ते अखेरपर्यंत बोलत राहिले.

असे असूनही हैदराबादचे फुटबॉल रहीम साहेबांच्या मागे हळूहळू ओसरत गेले. एके काळी राष्ट्रीय संघाला अर्धाडझन खेळाडू देणाऱ्या शहराला ही कळा का आली? याची कारणे अनेक आहेत. पण एक धडा आम्हाला स्पष्ट दिसतो. एका माणसाच्या खांद्यावर सगळे काम टाकायचे, तो असेपर्यंत वाहवा करायची आणि तो गेल्यावर त्याची पद्धत पुढे चालवायला कोणी तयार नाही, अशी आपली रीत आहे. खेळातच नव्हे, शाळा, मदरसे, वाचनालये, पतपेढ्या, सगळीकडे हेच दिसते.

नाशिकच्या घरांसाठी

हे सगळे आम्ही नाशिकच्या वाचकांना का सांगतो आहोत? कारण असे मास्तर आपल्या आसपास आजही आहेत. फजरनंतर मुलांना मैदानावर नेणारे, स्वतःच्या खिशातून चेंडू आणणारे, शाळेतले खेळाचे शिक्षक, कारखान्यातली पाळी संपवून मुलांना शिकवणारे जुने खेळाडू. कथडा, वडाळा, चौक मंडई असो की तिकडे मालेगाव, प्रत्येक मोहल्ल्यात असा एखादा माणूस सापडेल. त्यांना आपण काय देतो? मुलाचा निकाल खाली आला की दोष त्यांच्या माथी, आणि मुलगा चमकला की त्यांचे नावही कोणी घेत नाही.

आमचे आई-वडिलांना तीन गोष्टींचे सांगणे आहे.

पहिली, मुलाला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला भेटा. शाळेच्या पालकसभेला जाता तसे महिन्यातून एकदा मैदानावर जा. मूल कुठे कमी पडते ते त्यांना विचारा. रहीम साहेब स्वतः शिक्षक होते. अभ्यास आणि खेळ यांचे भांडण त्यांच्या आयुष्यात कुठे दिसत नाही. मुलींनाही या मैदानावर जागा मिळाली पाहिजे, त्यांच्या वेळेची आणि सोयीची काळजी घेऊन.

दुसरी, मोहल्ल्यातल्या मंडळांनी वर्षातून एकदा कच्च्या पायाची स्पर्धा भरवावी. नियम सोपा आहे : पक्क्या पायाने केलेला गोल धरायचा नाही आणि पक्क्या पायाने चेंडू मारला तर समोरच्या संघाला फ्री किक. पाच-पाच मुलांचे संघ केले तर लहान जागाही पुरते. बक्षीस म्हणून एखादा चेंडू ठेवला तरी चालेल. मुले हसतील, पडतील आणि शिकतील.

तिसरी, आपल्या भागात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुले घडवली आणि जे आज हयात नाहीत, त्यांची माहिती लिहून ठेवा. कोणत्या मैदानावर शिकवत, कोणाला घडवले, कोणत्या स्पर्धेत संघ नेला, हे त्यांच्या शिष्यांकडून आत्ताच विचारून घ्या. रहीम साहेबांची चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, फ्रँको, चंद्रशेखर आणि बलराम ही मुले २०२० ते २०२३ या चार वर्षांत एकामागून एक गेली. प्रत्येकाबरोबर थोड्या आठवणी कायमच्या गेल्या. आपल्या गल्लीतल्या मास्तरांच्या बाबतीत तरी तेवढा उशीर होऊ नये.

रहीम साहेबांनी गरीब मुलाला सायकलीचे भाडे दिले, जखमी खेळाडूला दुसरी जागा दिली, कच्च्या पायाला संधी दिली. शिक्षकाचे काम याहून वेगळे नसते. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि त्यांच्यासारखे शिकवणारे हात आपल्या मोहल्ल्यांना देत राहो. आमीन.